उद्याच्या क्रियापदाचा आजचा आधार

'तिकीट काढलेस का?' असे एका सहकाऱ्याने दुसऱ्याला विचारले. तिकीट अजून काढलेले नाही, आज काढायचे आहे. या प्रश्नाला इंग्रजीत 'आय'ल बुक इट टुडे' असे उत्तर देता येते आणि 'आय ॲम गोइंग टू बुक इट टुडे' असेही देता येते. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या बिनचूक आहेत. काम तेच, माणूस तोच, दिवसही तोच. तरी ज्याचा कान इंग्रजीत मुरलेला आहे, त्याला या दोन उत्तरांतून दोन निरनिराळ्या गोष्टी कळतात. पहिल्यावरून तो समजतो, की तिकिटाचे याच्या डोक्यातून गेले होते आणि विचारल्याबरोबर याने आत्ता ठरवले. दुसऱ्यावरून समजतो, की याचे आधीच ठरलेले होते, नुसते काम व्हायचे बाकी आहे. मराठीत हेच दोघे 'अरे हो, काढतो आज' आणि 'आज काढणारच आहे' असे बोलले असते, आणि त्यातला फरक कोणाला समजावून सांगावा लागला नसता. इंग्रजीत भविष्याविषयी बोलताना क्रियापदाचे कोणते रूप निवडावे, हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि पहिल्या पाठापासून शेवटच्या पाठापर्यंत त्यात एकच म्हणणे मांडले आहे: ही निवड उद्याकडे पाहून होत नाही, आजकडे पाहून होते. घटना लवकर घडणार की उशिरा, नक्की की कदाचित, यावर रूप ठरत नाही. बोलण्याच्या क्षणी त्या घटनेला आधार कशाचा आहे, यावर ते ठरते. ती नुसती मनात आली आहे, आधी ठरलेली आहे, कोणाशी बोलून पक्की झाली आहे, वेळापत्रकात छापलेली आहे, की तिची चिन्हे डोळ्यांपुढे दिसत आहेत, हे आधी पाहायचे.

आपल्याकडे हा विषय सहसा असा शिकवला जात नाही. शिकवला जातो तो तक्ता: साधा भविष्यकाळ, अपूर्ण भविष्यकाळ, पूर्ण भविष्यकाळ, आणि प्रत्येकापुढे आधी कर्ता, मग 'शॅल' किंवा 'विल', मग क्रियापदाचे ठरावीक रूप. त्याच्या जोडीला भाषांतराचे समीकरण: मराठी वाक्यात '-ईन', '-शील', '-ईल' दिसले की इंग्रजीत 'विल' घालायचे. भाषांतरातून इंग्रजी शिकण्याची आपली परंपरा जुनी आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि त्या पद्धतीला नावे ठेवण्याचा इथे हेतू नाही. भाषांतर करताना माणसाला दोन्ही भाषांकडे लक्षपूर्वक पाहावे लागते, हा तिचा मोठा गुण आहे. या समीकरणात मात्र मराठीकडेच नीट पाहिलेले नसते. निरोप घेताना आपण 'येतो' म्हणतो. खालून कोणी हाक मारली तर पाऊलही उचललेले नसताना 'आलोच' म्हणतो, म्हणजे चक्क भूतकाळाचे रूप वापरतो. 'उद्या पुण्याला जातोय', 'उद्या पुण्याला जाणार आहे' आणि 'उद्या पुण्याला जाईन म्हणतो' ही तीन वाक्ये बोलणाऱ्याच्या मनाच्या तीन वेगळ्या तयारींतून येतात. उलट दार वाजल्यावर 'दूधवाला असेल' असे म्हणताना रूप भविष्याचे असते आणि माणूस आत्ता दारात उभा असतो. मोरो केशव दामले यांच्या 1911 सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त आख्यातांना ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात अशी प्रत्ययांवरून पडलेली नावे आहेत. रूपाला रूपाचे नाव द्यावे आणि त्याचे अर्थ वेगळे तपासावेत, ही शिस्त आपल्या व्याकरणात शंभर वर्षांहून अधिक काळ आहे. इंग्रजी शिकवताना आपण ती बाजूला ठेवतो, याचे वाईट वाटते.

इंग्रजीच्या बाजूने पाहिले तर तो तक्ता आणखीच परका ठरतो. लॅटिनमध्ये 'मी प्रेम करीन' यासाठी 'अमाबो' हे एकच शब्दरूप आहे. फ्रेंचलाही भविष्याचे स्वतःचे प्रत्यय आहेत. इंग्रजीला असा प्रत्यय कधीच नव्हता. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत उद्याची गोष्ट बहुधा वर्तमानाच्याच रूपाने सांगत. 'विल' हे तेव्हा इच्छिण्याचे क्रियापद होते आणि 'शॅल' हे देणे लागण्याचे, बांधील असण्याचे. उद्याविषयी बोलताना माणूस एक तर आपली इच्छा सांगतो किंवा आपल्यावरचे बंधन सांगतो, म्हणून ही दोन क्रियापदे हळूहळू भविष्याच्या कामी लागली. पुढे 1653 साली जॉन वॉलिस यांनी इंग्रजीचे व्याकरण लिहिले. हे ऑक्सफर्डचे भूमितीचे प्राध्यापक. गणितातले अनंताचे चिन्ह रूढ करणारे ते हेच. त्यांचे व्याकरण होते परदेशी वाचकांसाठी, आणि लॅटिन भाषेत. त्यांनी नियम घातला, की नुसते भाकीत करायचे असेल तर प्रथम पुरुषी 'शॅल' आणि इतरांना 'विल'. वचन किंवा धमकी द्यायची असेल तर नेमके उलट. अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी या नियमाचा विस्तार केला, आणि तो पाठ्यपुस्तकांतून पाठ्यपुस्तकांत उतरत राहिला. त्याच्या समर्थनार्थ बुडणाऱ्या आयरिश माणसाची गोष्ट सांगत. त्याला म्हणायचे होते 'मी बुडतोय, कोणी वाचवणार नाही', पण 'शॅल' आणि 'विल' यांची अदलाबदल झाल्यामुळे काठावरच्यांना ऐकू आले 'मी बुडणारच, कोणी वाचवायचे नाही', आणि त्यांनी त्याला बुडू दिले. ही गोष्ट खरे तर नियमाच्या विरुद्ध जाते. आयर्लंड, स्कॉटलंड आणि अमेरिका इथले लोक पिढ्यानपिढ्या प्रथम पुरुषी सर्रास 'विल' म्हणत आले आणि एकमेकांना नीट समजत आले. फाउलर बंधूंनी 1906 साली 'द किंग्ज इंग्लिश'मध्ये या नियमावर पानेच्या पाने खर्ची घातली, आणि ज्यांना तो जन्मतःच मिळालेला नाही त्यांना तो शिकून येणे अवघड, हेही मान्य केले. चार्ल्स फ्राइझ यांनी 1925 साली नाटकांतले संवाद तपासून दाखवले, की प्रत्यक्ष वापर या नियमाप्रमाणे चालत नाही. दूर देशातल्या मुलांनी जो नियम पाठ करावा अशी अपेक्षा होती, तो खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या तोंडी नव्हता.

ऑटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातच स्पष्ट म्हटले होते, की इंग्रजीला भविष्यकाळ असा नाही. रॉडनी हडल्स्टन आणि जेफ्री पुलम यांच्या 2002 सालच्या केंब्रिज व्याकरणातही हीच भूमिका विस्ताराने मांडलेली आहे. यावर लगेच विचारले जाते, की मग इंग्रज लोक उद्याबद्दल बोलतात तरी कसे? बोलतात ते आजच्याच रूपांनी. 'विल' हे रूपाने वर्तमानाचे आहे, आणि त्याचा अर्थ तपासला की तिथेही वर्तमानच सापडते. दार वाजल्यावर इंग्रज म्हणतो 'दॅट विल बी द मिल्कमन', हुबेहूब आपल्या 'दूधवाला असेल' सारखे. घटना आत्ताची आहे आणि 'विल'ने सांगितला आहे तो बोलणाऱ्याचा अंदाज. गाडीची किल्ली फिरवून फिरवून थकलेला माणूस म्हणतो 'द कार वोन्ट स्टार्ट'. उद्याशी याचा काहीएक संबंध नाही. गाडी आत्ता ऐकत नाही एवढेच त्याला म्हणायचे आहे. मराठीत आपण म्हणतो 'गाडी सुरूच होईना'. 'होत नाही' आणि 'होईना' यांतला फरक ज्याला कळतो, त्याला 'डझन्ट' आणि 'वोन्ट' यांतला फरक शिकवायला वेळ लागत नाही. 'ऑइल विल फ्लोट ऑन वॉटर' यात तेलाचा कायमचा गुण सांगितला आहे, 'शी विल सिट देअर फॉर अवर्स' यात एखादीची नेहमीची सवय. या सगळ्या वाक्यांना जोडणारा धागा म्हणजे बोलणाऱ्याची ग्वाही: वस्तूचा स्वभाव, माणसाची वृत्ती किंवा आपला निर्णय पाहून मी हे सांगतो आहे. उद्याच्या गोष्टीबद्दल 'विल' येते ते याच अर्थाने. फोन वाजल्यावर उठता उठता म्हटलेले 'आय'ल गेट इट' हा त्या क्षणी घेतलेला आणि त्याच क्षणी जाहीर केलेला निर्णय असतो. तिथे 'आय ॲम गोइंग टू गेट इट' म्हटले तर फोन वाजण्याची वाट पाहत बसलेल्या माणसासारखे ऐकू येते.

'गोइंग टू'चा आधार आधीपासून अस्तित्वात असतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या शब्दांचा प्रत्यक्ष चालण्याशी असलेला संबंध सुटू लागला होता, आणि पुढे त्यांना 'रोख त्या दिशेने आहे' असा अर्थ आला. हा रोख माणसाच्या मनातला असेल तर बेत होतो आणि बाहेर दिसत असेल तर चिन्ह होते. आभाळ भरून आले, वारा पडला, अंधारून आले, की 'इट'स गोइंग टू रेन' हेच नैसर्गिक वाक्य आहे, कारण पुरावा समोर आहे. 'गोइंग टू' म्हणजे नजीकचा भविष्यकाळ आणि 'विल' म्हणजे दूरचा, ही फार पसरलेली समजूत दोन उदाहरणांत गळून पडते. सूर्याचे इंधन संपायला सुमारे पाच अब्ज वर्षे आहेत, तरी 'द सन इज गोइंग टू रन आउट ऑफ फ्युएल' हे वाक्य अगदी योग्य आहे. आणि 'आय'ल ओपन द डोअर' म्हणणारा पुढच्याच क्षणी दार उघडतो. चालू वर्तमानाच्या रूपाला यापेक्षाही घट्ट आधार लागतो. 'आय ॲम सीइंग द डॉक्टर ॲट फाइव्ह' म्हणजे वेळ घेतलेली आहे, दवाखान्याच्या वहीत नाव लिहिलेले आहे. म्हणूनच 'इट इज रेनिंग टुमॉरो' हे वाक्य इंग्रजी कानाला खुपते: पावसाशी कोणी वेळ ठरवून घेतलेली नसते. साध्या वर्तमानाचा आधार छापील किंवा ठरून गेलेला असतो. 'द डेक्कन क्वीन लीव्हज ॲट सेव्हन फिफ्टीन टुमॉरो' यात बोलणाऱ्याचा निर्णय नाही, अंदाज नाही, बेतही नाही. रेल्वेचे वेळापत्रक आहे. मराठीतही गाडी उद्या सव्वासातला 'सुटते'च. वर्तमानपत्राचे मथळे पाहावेत. इंग्रजी मथळ्यात 'पीएम टू व्हिजिट पुणे' असे असते. त्यातला 'टू' हा 'इज टू' या अधिकृतपणे ठरलेल्या कार्यक्रमाच्या रूपाचा उरलेला भाग आहे, आणि मराठी मथळ्यात त्याच जागी 'पंतप्रधान पुण्यात येणार' असे 'आहे' गाळलेले रूप येते. दोन्ही भाषांच्या वृत्तसंपादकांनी सहायक क्रियापद वगळून तोच अर्थ साधला आहे.

मराठी भाषकांची सगळ्यात जास्त होणारी चूक 'इफ' आणि 'व्हेन' यांच्या मागोमाग होते. 'मी मुंबईला जाईन तेव्हा तिला भेटेन' यावरून 'व्हेन आय विल गो टू मुंबई' असे वाक्य तयार होते. 'इफ'नंतर 'विल' येत नाही, एवढाच नियम सांगून शिक्षक पुढे जातात, आणि कारण न सांगितल्यामुळे तो नियम परीक्षेनंतर टिकत नाही. कारण सांगता येते. 'विल'मध्ये ग्वाही असते. 'इफ इट रेन्स' म्हणणारा पावसाबद्दल कसलीच ग्वाही देत नाही. तो पाऊस नुसता धरून चालतो आणि ग्वाही देतो ती पुढच्या अर्ध्या वाक्यात, 'वी'ल स्टे होम' इथे. जिथे काही ठासून सांगायचेच नाही तिथे ठासून सांगणारे रूप कशाला येईल? मराठीत तर अशा जागी आपण 'पाऊस आला तर घरीच राहू' असे भूतकाळाचे रूप बेधडक वापरतो. अपवादही याच कारणात बसतात. 'इफ यू विल वेट अ मिनिट' हे शुद्ध आहे, कारण त्यात ऐकणाऱ्याची आत्ताची तयारी विचारली आहे. 'आय डोन्ट नो इफ ही विल कम' हेही शुद्ध आहे, कारण इथे 'इफ'चा अर्थ 'तर' नसून 'की नाही' असा आहे, आणि येण्याबद्दलचा अंदाज हाच वाक्याचा विषय आहे.

'विल बी' आणि '-इंग' यांच्या जोडरूपाला तक्त्यात अपूर्ण भविष्यकाळ म्हणतात, आणि 'उद्या या वेळी मी विमानात बसलेला असेन' अशा उदाहरणावर विषय संपवतात. या रूपाचा दुसरा उपयोग रोजच्या व्यवहारात कितीतरी मोलाचा आहे. पाहुण्यांना 'विल यू स्टे फॉर डिनर?' विचारले तर तो आग्रह किंवा विनंती होते, आणि त्यांना तिथल्या तिथे होकार-नकार द्यावा लागतो. 'विल यू बी स्टेइंग फॉर डिनर?' विचारले तर त्यांचा आधीचा बेत काय आहे एवढेच विचारले जाते. त्यांच्यावर भार पडत नाही आणि यजमानाला किती पाने मांडायची ते कळते. वरिष्ठांना 'विल यू कम टू द मीटिंग?' आणि 'विल यू बी कमिंग टू द मीटिंग?' यांतले दुसरे विचारणे जास्त अदबीचे आहे ते यामुळेच. आपल्याकडे अनेक जण अदब राखायची म्हणून 'विल'च्या जागी 'वुड' पेरतात. त्यांना हवी असलेली अदब या रूपात आयती आहे. 'विल हॅव' या पूर्ण रूपाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ठरावीक मुदतीपर्यंत काम झालेले असेल, एवढेच ते सांगते, आणि मराठीच्या 'झालेले असेल'शी त्याचा मेळ सहज बसतो.

यावर घेतला जाणारा सगळ्यात रास्त आक्षेप असा, की सगळीकडे 'विल' वापरले तरी समोरच्याला कळतेच, मग एवढा खटाटोप कशाला? घटना कळते, हे खरे. पण बोलणे नुसते घटनेसाठी नसते. 'आय विल गेट मॅरीड इन मे' म्हटले तर मित्राला ते मनोगत वाटते. 'आय ॲम गेटिंग मॅरीड इन मे' म्हटले तर तो तारीख विचारतो. सुरुवातीच्या तिकिटाच्या प्रश्नाला चुकीचे रूप वापरून उत्तर दिले, तर आधीपासून काम लक्षात ठेवणारा माणूस विसराळू ठरतो, आणि तसा तो ठरला हे त्याला कळतही नाही. चुकीच्या उच्चाराने किंवा गाळलेल्या 'द'ने असे नुकसान होत नाही, कारण ऐकणारा त्याला भाषेची उणीव मानतो. इथे मात्र ती माणसाची उणीव मानली जाते. दुसरा आक्षेप स्वाभिमानातून येतो: भारतीय इंग्रजी ही आता आपली भाषा आहे, तिला लंडनचे माप का लावायचे? भारतीय इंग्रजीला स्वतःचा थाट आहे आणि तो असावा, यात दुमत नाही. पण या पुस्तकातले भेद लंडनपुरते नाहीत. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, आयर्लंडमध्ये ते जिवंत आहेत. शिवाय बोलणाऱ्याला आपला बेत आणि आपला आत्ताचा निर्णय यांत फरक करता येणे ही कोणत्याही एका देशाची मिरासदारी नाही. मराठीत जो फरक आपण दिवसभर करतो तो इंग्रजीत आल्यावर सोडून द्यावा, असे स्वाभिमान सांगत नाही. तिसरा आक्षेप जाणकारांचा आहे, की पुष्कळदा दोन-तीन रूपे सारखीच चालतात. चालतात, कारण पुष्कळदा आधारही दोन-तीन असतात. मावशीकडे जायचे ठरलेले असते, मावशीला कळवलेलेही असते. मग बेताचे रूप वापरा किंवा ठरावाचे, दोन्ही खरेच सांगतात. आधार एकच असतो तेव्हा निवड अटळ होते.

'शॅल'ला या पुस्तकात थोडी जागा दिली आहे. 'शॅल आय ओपन द विंडो?' या प्रश्नात ते जिवंत आहे, आणि 'खिडकी उघडू का?' हा त्याचा तंतोतंत मराठी जोडीदार आहे; दोन्हीत ऐकणाऱ्याची मर्जी विचारली आहे. याखेरीज ते टिकून आहे कायद्याच्या भाषेत, आपल्या जुन्या बंधनाच्या अर्थासह. भारताच्या संविधानाच्या इंग्रजी पाठात राष्ट्रपतिपद निर्माण करणारे 52 वे कलम 'शॅल'नेच बोलते, आणि तिथे ते भाकीत नसून आदेश आहे. इतरत्र कायद्यातूनही ते मागे सरते आहे: दक्षिण आफ्रिकेच्या 1996 च्या संविधानाने त्याऐवजी 'मस्ट' स्वीकारले, आणि अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रियेच्या नियमांची 2007 साली नवी मांडणी झाली तेव्हा 'शॅल' काढून टाकले गेले. प्रथम पुरुषी 'शॅल'चा सराव मात्र इथे मुद्दामच दिलेला नाही.

राहिला प्रश्न सरावाचा. 'आय ___ माय अंकल टुमॉरो' असे वाक्य देऊन रिकामी जागा भरायला सांगणारा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे, आणि त्याचे एकच उत्तर बरोबर धरले जाते. खरे तर त्याची निदान तीन उत्तरे बरोबर आहेत, आणि प्रसंग कळल्याशिवाय त्यांतले कोणते हे जन्मभर इंग्रजी बोललेल्या माणसालाही सांगता येणार नाही. काकांची आठवण आत्ता निघाली आणि जायचे ठरवले, की महिनाभर मनात होते, की काकांना फोन करून वेळ कळवली आहे? म्हणून पुढच्या पाठांत एकही सुटे वाक्य दिलेले नाही. प्रत्येक वाक्याआधी दोन-तीन ओळींत प्रसंग मराठीत सांगितला आहे: कोण बोलते आहे, कोणाशी, आणि बोलण्यापूर्वी काय काय ठरून गेले आहे. विद्यार्थ्याने आधी त्या प्रसंगात आपण मराठीत काय म्हणालो असतो ते मोठ्याने म्हणावे आणि मगच इंग्रजी रूपाकडे वळावे. जिथे प्रसंगच दोन रूपांना वाव देतो तिथे उत्तरांत दोन्ही रूपे छापली आहेत, आणि एकाऐवजी दुसरे वापरले तर ऐकणाऱ्याचा काय समज होईल, हे प्रत्येक ठिकाणी खाली लिहिले आहे.